पोटातलं ओठांवर यायला हवं

आपण बायका एकत्र जमलो की कशावर बोलत नाही? सासू-सुना, मुलांचे मार्क, सिलिंडरचा भाव, गुडघेदुखी, बीपी, शुगर. अगदी पाळीच्या तक्रारीसुद्धा आता कुजबुजत का होईना, बोलल्या जातात. पण ‘मला चार-चार दिवस संडासला होत नाही’ हे वाक्य काही कुणाच्या तोंडून सहज निघत नाही. निघालंच तर ते हसण्यावारी जातं. २०१५ साली ‘पिकू’ नावाचा हिंदी सिनेमा आला होता. त्यातल्या म्हाताऱ्या वडिलांचं पोट साफ होणं-न होणं हा साऱ्या घराचा विषय असतो. आपण सगळ्यांनी तो पोट धरून हसत पाहिला. मला मात्र पाहताना सारखं वाटत होतं, की वडिलांच्या जागी आई असती तर? तिच्या पोटाची चौकशी घरात कुणी केली असती?

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या गावांमध्ये बचत गटाच्या निमित्ताने माझं बरीच वर्षं जाणं-येणं आहे. मी काही डॉक्टर नाही. कला शाखेची पदवी घेतलेली, घर सांभाळून जमेल तेवढं समाजाचं काम करणारी बाई. पण आरोग्य शिबिरांत डॉक्टरांच्या टेबलाशेजारी बसून आणि आशाताईंसोबत घरोघरी फिरून एक गोष्ट पक्की ध्यानात आली. बाई आधी डोकं दुखतं म्हणते, मग कंबर, मग अशक्तपणा. गोळ्या घेऊन उठते, चपला घालते आणि दारापाशी जाऊन हळूच म्हणते, “अन् ताई, पोट साफच नाही होत जी.” खरं दुखणं सगळ्यात शेवटी, तेही चपला घातल्यावर!

मैत्रिणींनो, आज त्या दारापाशी सांगितल्या जाणाऱ्या दुखण्याविषयीच बोलू या. कुणी त्याला बद्धकोष्ठ म्हणतं, कुणी मलावरोध, तर कुणी नुसतंच ‘कडक होणं’. नाव काहीही द्या, त्रास तोच.

रोज व्हायलाच हवं का?

पहिला गैरसमज इथेच. रोज सकाळी ठरल्या वेळी झालं नाही म्हणजे बद्धकोष्ठ, असं नाही. दिवसातून तीनदा होण्यापासून आठवड्यातून तीनदा होण्यापर्यंत सगळं निरोगी माणसात बसतं. आठवड्यात तीनपेक्षा कमी वेळा होणं, बसल्यावर जोर लावावा लागणं, मळ खड्यासारखा येणं, होऊनही ‘अजून राहिलंय’ असं वाटत राहणं, मध्येच काही अडल्यासारखं वाटणं, यातल्या दोन-तीन गोष्टी काही महिने सतत होत असतील तर डॉक्टर त्याला जुनं बद्धकोष्ठ म्हणतात. म्हणजे रोज होऊनही बद्धकोष्ठ असू शकतं आणि दोन दिवसांआड होऊनही नसू शकतं.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी यासाठी एक सोपा तक्ता केला. तो १९९७ साली प्रसिद्ध झाला आणि आज जगभर वापरला जातो. त्यात मळाच्या रूपाची सात चित्रं आहेत. पहिलं शेळीच्या लेंड्यांसारखं, सुट्या खड्यांचं. दुसरं गाठीगाठींचं. तिसरं-चौथं चांगलं, केळ्यासारखं मऊ आणि सलग. पाचव्यापासून पुढे पातळ होत जातं. शिबिरात हा तक्ता दाखवला की बाया पदर तोंडाला लावून हसतात, पण हसता हसता बोट मात्र अचूक पहिल्या चित्रावर ठेवतात. ‘शेळीच्या लेंड्या’ म्हटलं की आमच्याकडे कुणाला वेगळं समजवावं लागत नाही.

हे खडे बनतात कसे? आपल्या मोठ्या आतड्याचं काम उरलंसुरलं पाणी शोषून घ्यायचं. मळ जितका जास्त वेळ आत राहील, तितका तो सुकत जातो. तो खाली गुदाशयात आला की शरीर आपल्याला निरोप देतं, ‘आता चला.’ सकाळी उठल्यावर आणि काही खाल्ल्या-प्यायल्यावर हा निरोप हमखास येतो. आपण तो टाळला की थोड्या वेळाने तो थांबतो. महिनोन्महिने टाळत राहिलं की निरोप येणंच मंदावतं. आतडं आळशी झालं असं आपण म्हणतो, पण त्याला तसं करण्यात आपल्या जगण्याचाच हात असतो.

कारण पोटात नाही, परसात आहे

मागे एका गावात लग्न होऊन वर्षच झालेली एक सून भेटली. चार दिवसांतून एकदा होतं, तेही रडत. दुकानातलं चूर्ण सुरू होतं. ती काय खाते हे मी विचारत बसले आणि उत्तर भलतंच मिळालं. ती दुपारनंतर पाणीच पीत नव्हती. रात्री जेवायची ते अर्धपोटी. का, तर रात्री-अपरात्री बाहेर जायची वेळ येऊ नये म्हणून. घरी सरकारी अनुदानातून बांधलेला संडास होता. त्यात सरपण रचलेलं आणि खुराड्यातल्या कोंबड्या. पाणी हापशीवरून आणायचं, मग संडासात बादलीभर कोण ओतणार? घरातली पुरुष मंडळी सकाळी उजेडात मोकळी होऊन यायची. हिला मात्र अंधार हवा. अंधारात गावाबाहेरच्या गोदरीकडे जायचं तर वाघाची भीती. मग ही पोर करणार काय? धरून ठेवणार.

वाघाची भीती हा शहरातल्या वाचकांना कदाचित अलंकार वाटेल. आमच्याकडे तो नाही. ताडोबाभोवतीच्या गावांत, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या पट्ट्यात पहाटे घराबाहेर पडणं जिवावरचं असतं. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. अशी बातमी आली की आसपासच्या गावांत कितीतरी दिवस बायकांच्या पोटाला गाठ बसते. हे कुठल्याच दवाखान्याच्या कागदावर लिहिलं जात नाही.

२०१८ साली ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. त्याआधी गुड मॉर्निंग पथकं शिट्ट्या वाजवत फिरली, संडास बांधले गेले, हे चांगलंच झालं. पण भिंती आणि भांडं म्हणजे संडास नव्हे. त्याला दार हवं, दाराला आतून कडी हवी, पाणी हवं आणि रात्री दिवा हवा. यातलं एक जरी नसलं, तरी पुरुषाचं भागतं, बाईचं भागत नाही.

दुर्गम भागात आणखी एक गोष्ट. माडिया आणि इतर आदिवासी गावांत पाळीच्या दिवसांत बायकांनी गावाच्या कडेच्या कुर्माघरात राहायची रीत आहे. अनेक ठिकाणी ती म्हणजे एक मोडकी झोपडी, ना पाणी ना आडोसा. पाळीत आधीच पोटाची चाल बदलते, त्यात हे. अलीकडे काही गावांत संडास-न्हाणी असलेली पक्की घरं बांधून झाली आहेत. रीत मोडायला वेळ लागेल, पण निदान तोवर बाईला अंगणभर जागा आणि दाराला कडी तरी मिळाली.

उन्हाळ्याचं तर विचारूच नका. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेपासून मोह वेचायचा, मे महिन्यात तेंदूपानं. चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा ४६-४७ अंशांपर्यंत जातो. सोबत पाण्याची एक बाटली, तीही अर्धी लेकराला. घामावाटे पाणी गेलं की शरीर ते आतड्यातून ओढून घेतं. पावसाळ्यात रोवणीच्या वेळी दिवसभर चिखलात वाकून काम आणि शेतात आडोसा नाही, म्हणून पुन्हा पाणी कमी. शाळेतल्या आणि आश्रमशाळेतल्या मुलीही हेच करतात. सकाळी संडासापुढे रांग, आणि घंटा झाली की तसंच वर्गात. ही सवय वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षी लागते आणि जन्मभर पुरते.

अशा बाईला चूर्ण देणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला! त्या सुनेच्या घरचा संडास सासऱ्यांनी मोकळा केला, पाण्याचा एक ड्रम ठेवला, लाकडी दाराला कडी लावली. महिना-दीड महिन्याने ती मला बाजारात भेटली. चूर्ण सुटलं होतं. तिने फक्त मान हलवून सांगितलं आणि दोघी हसलो.

ताटातलं आणि तोंडातलं

आता जेवणाकडे वळू. झाडीपट्टीत मुख्य खाणं भात. पूर्वी तांदूळ उखळ-मुसळाने कांडलेला असायचा, कोंड्याचा अंश त्यात राहायचा. आता गिरणीतून पांढराशुभ्र येतो. सोबत पातळ वरण, तेही सर्वांना वाढून उरलं तर. भाजी घरच्या बाईच्या वाट्याला सगळ्यात कमी. मोठ्या माणसाला दिवसाकाठी साधारण २५ ते ३० ग्रॅम तंतू पोटात जायला हवेत. ते येतात भाज्या, फळं, कडधान्यं आणि कोंड्यातून. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आणि गंमत अशी, की जंगल आपल्याला हे सगळं फुकट देतं. पावसाळ्याच्या सुरुवातीला तरोट्याची कोवळी भाजी, मग वास्ते, अंबाडी, मुनग्याची पानं. ऋतूप्रमाणे बोरं, टेंभरं, आवळे, बेल. जवसाची चटणी तर आपल्या वैदर्भीय ताटातली राणी. डॉ. राणी बंग यांनी ‘गोईण’ या पुस्तकात गडचिरोलीतल्या बायका आणि झाडं यांच्या मैत्रीविषयी लिहिलं आहे. त्या मैत्रीत पोटाचीही काळजी होती. आता बाजारातली बटाटा-कोबी आणि पोरांच्या हातातली कुरकुऱ्याची पाकिटं आली आणि तरोट्याची भाजी ‘गरिबाची’ झाली. ती खायला लाज वाटते आणि चूर्णाला पैसे देताना वाटत नाही, हे कोडंच आहे.

ताटाइतकाच तोंडातल्या खऱ्र्याचाही इथे संबंध आहे. ‘तंबाखू घेतल्याशिवाय संडासलाच होत नाही’ हे वाक्य मी पुरुषांइतकंच बायकांकडूनही ऐकते. कुणी खर्रा, कुणी नस, तर छत्तीसगडच्या सीमेकडे गुडाखू. यात तथ्य एवढंच, की तंबाखूतलं निकोटिन आतड्याला चाळवतं. पण सवय लागली की त्याशिवाय आतडं हलत नाही. त्यावर कडी म्हणजे खऱ्र्यातली सुपारी. तिने वर्षानुवर्षं तोंडाची आतली कातडी ताठ होत जाते, तोंड उघडेनासं होतं, तिखट सोसत नाही, भाकरी, कच्ची भाजी, फळ चावता येत नाही. मग उरतो मऊ भात आणि चहा. म्हणजे पोट साफ होण्यासाठी धरलेला खर्रा शेवटी पोटच बांधून टाकतो. तोंडाच्या कॅन्सरचा धोका तर आहेच. गडचिरोलीत २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ दारू-तंबाखूविरुद्ध काम करतंय. आपल्या बैठकीत त्यांना बोलवा, पण बोलताना संडासचा हा मुद्दा काढाच. बायका खर्रा का सोडत नाहीत, याचं खरं उत्तर पुष्कळदा तिथे असतं.

लाल गोळी आणि काळा मळ

गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून रक्तवाढीच्या लाल गोळ्या मिळतात. गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक. आपल्याकडे रक्तपांढरी इतकी, की या गोळ्या म्हणजे जीवच. पण त्या कितीजणी पूर्ण खातात? कुणी गोळी घेतली आणि मळ काळा झाला, कडक झाला की घाबरून गोळ्या डब्यात जातात, डबा फळीवर. लोहाच्या गोळीने मळाचा रंग काळसर होणं अपेक्षितच आहे आणि काहींना त्याने कडक होतं, हेही खरं. त्यात गरोदरपणातल्या संप्रेरकांमुळे आतड्याची चाल मंदावते आणि वाढत्या गर्भाशयाचा दाबही पडतो. यावर उपाय गोळी बंद करणं हा नाही. नर्सबाईंना सांगा. गोळी घ्यायची वेळ बदलून, पाणी आणि भाजी वाढवून किंवा गरोदरपणात चालणारं सौम्य औषध देऊन मार्ग निघतो. आपल्या मनाने एरंडेल किंवा बहाव्याच्या शेंगेचा गर मात्र या काळात घेऊ नका. आणि गोळी नुसती वाटून मोकळं न होता, ‘पोट कसं आहे?’ हे विचारायची सवय आपल्या दवाखान्यांनाही लागायला हवी.

आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ. त्यांनी लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. त्यांना पाणी कमी पडू देणं दुहेरी वाईट, कारण त्याने पोटही बांधतं आणि दुखण्याचा झटकाही येऊ शकतो. दुखण्यावर दिल्या जाणाऱ्या काही तीव्र गोळ्यांनीही मळ कडक होतो. आणि सिकलसेल असलेल्या मुलाच्या पोटात जोरात दुखत असेल तर ‘संडास झाली नसेल’ म्हणून घरी थांबू नका, दवाखाना गाठा.

इतर औषधांचंही तसंच. कॅल्शियमच्या गोळ्या, ॲसिडिटीची काही औषधं, खोकल्याची काही औषधं, नैराश्यावरच्या काही गोळ्या, बीपीच्या काही गोळ्या. म्हणून डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या.

न सांगितलेलं निदान

एक काकू होत्या, चाळिशीतल्या. पोट साफ नाही म्हणून पंधरा प्रकारची चूर्णं झाली. शिबिरातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, थंडी जास्त वाजते का? केस गळतात का? वजन वाढलं का? पाळी बदलली का? सगळ्याला ‘हो जी’. रक्त तपासलं, थायरॉइड कमी निघालं. रोजची एक छोटी गोळी सुरू झाली आणि हळूहळू पोटही रुळावर आलं. मधुमेह जुना असेल तरी आतड्याच्या नसा मंदावतात. पोट हे पुष्कळदा दुसऱ्याच कुणाची तक्रार सांगत असतं.

दुसरी गोष्ट बाळंतपणांची. तीन-चार बाळंतपणं, लगेच डोक्यावर सरपणाचे भारे. त्याने ओटीपोटाखालचे स्नायू सैल होतात, ‘अंग बाहेर येतं’. काहींची गुदाशय आणि योनिमार्ग यांच्यामधली भिंत सैलावते आणि मळ त्या खोलगटात अडकतो. मग बोटाने दाबल्याशिवाय मोकळं होत नाही. अशा बायका ही गोष्ट नवऱ्यालाच काय, बहिणीलाही सांगत नाहीत. त्यांना वाटतं, असलं अघोरी आपल्यालाच होतं. बायांनो, हे अनेकींना होतं, त्याला वैद्यकशास्त्रात नाव आहे आणि उपचारही आहेत. काहींना स्नायूंचा व्यायाम पुरतो, काहींना शस्त्रक्रिया लागते. चूर्णाने मात्र हे बरं होत नाही.

न सांगण्याची ही सवय किती खोल आहे, ते गडचिरोलीनेच जगाला दाखवलं. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ने इथल्या दोन गावांतल्या बायकांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाची काही ना काही तक्रार निघाली आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. तो अभ्यास बद्धकोष्ठाचा नव्हता. पण तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसायची रीत तीच आहे. कमरेखालचं काहीही असो, बाई गप्प.

याउलट शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला राहिलेल्या गांधीजींनी ‘सत्याचे प्रयोग’मध्ये आपल्या बद्धकोष्ठाबद्दल आणि त्यावर केलेल्या माती-पाण्याच्या उपचारांबद्दल मोकळेपणाने लिहून ठेवलंय. एवढा मोठा माणूस लाजला नाही, मग आपण का लाजायचं?

डॉक्टर काय बघतात?

खरं सांगायचं तर या दुखण्याचं अर्धं निदान मशिनने नाही, बोलण्याने होतं. त्रास कधीपासून आहे, आठवड्यातून किती वेळा होतं, कसं होतं, जोर लागतो का, रक्त पडतं का, बोट लावावं लागतं का, कुठली औषधं चालू आहेत, बाळंतपणं किती, संडास कुठे आहे. हे सगळं नीट सांगितलं की डॉक्टरांना दिशा मिळते. मग पोट तपासतात आणि गरजेप्रमाणे गुदद्वारातून बोटाने तपासणी करतात. याचीच सगळ्यात धास्ती. पण ती एक-दोन मिनिटांची तपासणी असते आणि तिने फिशर, मूळव्याध, अडकलेला मळ, गाठ, स्नायूंचा ढिलेपणा, एवढं सगळं कळू शकतं. स्त्री डॉक्टर हव्यात किंवा नर्सबाई सोबत हव्यात असं स्पष्ट म्हणा, तो तुमचा हक्क आहे.

त्यानंतर गरजेप्रमाणे रक्त, थायरॉइड, साखर, कॅल्शियम. सगळ्यांना दुर्बिणीची तपासणी लागत नाही. धोक्याच्या खुणा असतील तरच मोठ्या आतड्याची दुर्बीण. नेहमीच्या उपायांनी वर्षानुवर्षं फरक पडत नसेल तर गुदाशयाच्या स्नायूंचा दाब मोजण्यासारख्या तपासण्या मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत होतात. काही बायका जोर लावताना नकळत तोच स्नायू आवळतात. त्यांना योग्य पद्धत शिकवूनच बरं वाटतं.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

इथे मला एका बहिणीची आठवण येते. वय पन्नाशीच्या आसपास. मळासोबत रक्त, कधी बद्धकोष्ठ तर कधी पातळ. ‘मूळव्याध आहे’ असं तिचं तिनेच ठरवलं. बसस्टँडजवळ ‘शर्तिया इलाज’चे बोर्ड असतात ना, तशा एका ठिकाणी दीड वर्ष उपचार झाले. त्या दीड वर्षात एकदाही कुणी तिला बोट लावून तपासलं नाही. वजन उतरलं, रक्त कमी झालं, तेव्हा घरच्यांनी नागपूरला नेलं. गुदाशयाचा कॅन्सर होता, पसरलेला. आठ महिन्यांत ती गेली. पहिल्या महिन्यात दोन मिनिटांची तपासणी झाली असती तर, हा विचार मला आजही सोडत नाही.

म्हणून हे कापून फ्रीजवर किंवा कपाटाला चिकटवा:

* मळातून रक्त जाणं, किंवा लोहाची गोळी चालू नसताना डांबरासारखा काळा मळ.
* कारण नसताना वजन घटणं, रक्त कमी होणं.
* पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर पोटाची जुनी सवय अचानक बदलणं. कधी कडक, कधी पातळ. मळ बारीक होत जाणं.
* घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झालेला असणं.
* पोट फुगून उलट्या होणं, वाराही न सरणं. हे तर ताबडतोब, रात्र असली तरी.
* नवजात बाळाला पहिल्या दोन दिवसांत काळी शी न होणं. (फक्त अंगावर पिणारं तान्हं बाळ काही आठवड्यांचं झाल्यावर मात्र चार-पाच दिवस न करताही मजेत असू शकतं. शी मऊ असेल तर घाबरू नका.)

रक्त पडणारी प्रत्येक बाई कॅन्सरची नसते. बहुतेकींना मूळव्याध किंवा फिशरच असतं. पण ते ठरवायचं तपासणीने, अंदाजाने नाही. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार बसतात. पैशाच्या भीतीने तपासणी टाळू नका.

आणि घरच्या घरी?

साध्या त्रासाला साधे उपाय पुरतात. सकाळी उठल्यावर पाणी किंवा चहा घेतला की दहा मिनिटं स्वतःसाठी काढा. डबे, पाणी, झाडलोट नंतर. निरोप आला की उठा. उकिडवं बसणं ही आपली पद्धत उत्तमच, त्याने वाट सरळ होते. कमोड असेल तर पायाखाली छोटा पाट घ्या. मोबाइल घेऊन बसू नका, कुंथत बसू नका. ताटात रोज एक पालेभाजी, एक फळ, एक वाटी उसळ, जवसाची चटणी. तंतू हळूहळू वाढवा, एकदम वाढवले तर पोट फुगतं. इसबगोल घ्यायचं तर भरपूर पाण्यासोबत. कमी पाण्यात ते उलट अडकून बसतं. सोनामुखी घातलेली चूर्णं वर्षानुवर्षं मनाने घेऊ नका. हिरडा, बेहडा, आवळा आपल्याच जंगलातले, पण महिनाभरात फरक नसेल तर त्रिफळा बाजूला ठेवून डॉक्टर गाठा.

आणि एक काम घराघरांत करण्यासारखं आहे. येत्या बचत गटाच्या बैठकीत वसुली झाली की वहीच्या मागच्या पानावर गावातल्या संडासांची यादी करा. किती आहेत, कितींत सरपण आहे, कितींना आतून कडी नाही, कुठे पाणी नाही, कुठे दिवा नाही. ती यादी घेऊन सगळ्या मिळून ग्रामसभेत जा. एकटी बाई संडासचं बोलली तर हसतील, वीस जणी बोलल्या तर ठरावात लिहावं लागेल. सासूबाईंनी सुनेला, आईने लेकीला एकदा तरी विचारावं, “पोट साफ होतं ना गं?” आणि दवाखान्यात गेल्यावर हे पहिल्यांदा सांगा, खुर्चीवर बसल्या बसल्या, चपला घालायच्या आधी.